आबांची वही आक्काकडं गेली त्याची गोष्ट



खोडव्याच्या खताची पोस्ट येणार होती, तिचं काय झालं म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. ती येईल, लिहून तयार आहे. पण मागच्या आठवड्यात गावात एका घरी दिवसकार्याला गेलो होतो, तिथलं डोक्यातनं जाईना. म्हणून आज जरा वेगळं लिहितोय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

घर ओळखीचं. म्हातारा भला माणूस, ऐंशीच्या पुढं वय, माळकरी. जेवणं उरकली, पाहुणे पांगायला लागले, तसं थोरल्या मुलानं दोन्ही बहिणींना आतल्या सोप्यात बोलावलं. मी पायरीवर बसलो होतो, ऐकू येत होतं. "तुमास्नी आप्पांची आठवण म्हणून काय पायजे ते घ्या. भांडं घ्या, घोंगडं घ्या, फोटो घ्या. आनि सोमवारी जरा कागलपर्यंत यायला लागंल, सहीला." एका दमात. आठवण आणि सही एकाच वाक्यात. बहिणी मान हलवून रडत होत्या. बाहेर बसलेल्या आम्हा सगळ्या बाप्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. मला वाटलं, ते एवढ्यासाठीच की चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोललो होतो. शब्द थोडे इकडंतिकडं.

आमचे आबा डिसेंबर २०२१ मध्ये गेले. जुलैचा पूर नुकताच सोसून झालेला. राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली होती. शिरोळ तालुक्यातल्या आमच्यासारख्या काठच्या गावांना फूट-इंच सांगायला लागत नाहीत म्हणा, पाणी कुणाच्या कितव्या पायरीला लागलं त्यावर आमचं गणित चालतं. २०१९ च्या पुरात आबा माडीवर बसून होते. २०२१ ला त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पाहुण्यांकडं नेलं. परत आल्यावर रानात गेले, आडवा झालेला ऊस बघितला आणि "मला आता पुरं झालं" एवढंच म्हणाले. पिकाबद्दल म्हणाले असं मी तेव्हा धरलं होतं.

गेले ते ऐन तोडीत. रक्षाविसर्जनाच्या दिवशी चिटबॉयचा फोन, की टोळी उद्या तुमच्या फडात येतीय, नको असेल तर पुढच्याला देतो. नको म्हणून चालतंय होय? पाळी चुकली की फेब्रुवारी, तोवर वजन उतरलेलं. तेव्हा बाप जाऊन चौथ्या दिवशी मी फडाच्या बांधावर उभा राहून वाढं मोजत होतो. शेतकऱ्याच्या घरात दुःखाला सुट्टी नसते हे खरं, पण मला आत्ता वाटतं, त्या गडबडीचा आडोसाही आम्ही घेतला. कामं पटापटा उरकायची म्हणून माणसंही उरकली.

रक्षा आम्ही नदीत सोडली नाही. आपल्याकडं आता बरीच घरं सोडत नाहीत, रानात खड्डा काढून तिथंच टाकतात आणि वर झाड लावतात. आम्ही हापूसचं कलम लावलं, विहिरीच्या वरच्या अंगाला, पुराचं पाणी येत नाही अशा जागी. (एका कृषी सहायकानं विचारलं होतं, राखेनं कलम जळत नाही का. ताजी राख मुळाला लागली तर त्रास होतो, म्हणून मातीत चांगली मिसळून, पाणी देऊन, महिन्यानं कलम लावलं.) झाड चांगलं आलंय. या गोष्टीचा मला अभिमान होता. पुरोगामी जिल्ह्यातला माणूस, राख नदीत टाकली नाही, प्रदूषण केलं नाही, झालं!

घरात मात्र त्याच दहा दिवसांत काय केलं ते सांगतो.

आईच्या बांगड्या फोडल्या. जोडवी काढली. कुंकू पुसलं. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या, ज्यांचं स्वतःचं असंच झालेलं, त्यांच्या हातनं हे होतं, आणि आम्ही पोरं त्या वेळी पाठ करून उभी असतो. तशी रीतच आहे. आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र कुणीतरी रुमालात बांधून माझ्या बायकोच्या हातात दिलं. त्या मंगळसूत्राच्या वाट्या आबांनी स्वतःच्या गुळाच्या पट्टीतनं केलेल्या. लग्नात खोटं घातलं होतं, मग दुसऱ्या वर्षी गुऱ्हाळ चांगलं झालं, शाहूपुरीत गूळ उतरवला आणि तिथनंच सराफाकडं गेले, ही गोष्ट आईनं आम्हाला शंभर वेळा सांगितलेली. म्हणजे आबांची म्हणून तिच्याकडं जी एकच वस्तू होती, ती आबा गेल्यावर आम्ही काढून घेतली. आणि उन्हाळ्यात नातीच्या कानातलं करायला मोडली. सोनं घरातच राहिलं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

आईनं त्यावर एकदाच विचारलं. भाकरी करता करता, मागं न बघता. "त्येचं काय केलासा रं?" मी सांगितलं. "बरं," म्हणाली.

हे झालं आणि पाच महिन्यांनी, ४ मे २०२२ ला, हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की आमच्या गावात विधवा बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत, कुंकू पुसायचं नाही. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो आठवडा, ६ मे १९२२ ला महाराज गेले, त्याला शंभर वर्षं होत होती. १७ मेला शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. तुम्ही बातम्या वाचल्याच असतील. हेरवाड आमच्याच तालुक्यातलं, मोटरसायकलवर जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं एवढं अंतर. आमच्याही गावात पुढं चर्चा झाली, भाषणं झाली, मी स्वतः बोललो. घरी आल्यावर आई ओसरीवर बसली होती. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. मी वैरण टाकायला गोठ्यात गेलो.

लोक म्हणतात ठरावानं काय होतं. खरं आहे, ठरावानंतरही बायका स्वतःच "नको बाई, लोक काय म्हणतील" म्हणतात. विधवा पुनर्विवाहाचा कायदा महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली केला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली तरी आपण कुठं आहोत ते बघतोयच. पण ठरावाचा एक फायदा मला दिसतो. त्या दहा दिवसांत घरातल्या कुणाचंच डोकं जाग्यावर नसतं. तेव्हा जी रीत समोर असेल ती होऊन जाते. आधी ठरलेलं असेल तर निदान एखादा तरी म्हणेल, "थांबा." आमच्यात थांबा म्हणणारं कुणी नव्हतं. मी थोरला, मीच म्हणायला पाहिजे होतं.

आता आक्काचं.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चंदगड तालुक्यात दिलीय. तिकडं काजू, भात, नाचणा. आम्ही दोघं भाऊ, ती एकटी. तेराव्यानंतर मी तेच वाक्य बोललो, "आक्का, तुला आबांचं काय पाहिजे ते ने." धाकट्यानं आधीच सांगून टाकलं होतं की त्याला आबांचं घड्याळ आणि रेडिओ पाहिजे. सांगली आकाशवाणीवरचा शेतीचा कार्यक्रम आबांनी त्या रेडिओवर इतकी वर्षं ऐकला की त्याचा काटा तिथंच गंजून बसलाय. मला कोयता पाहिजे होता, सागवानी मुठीचा. आक्का म्हणाली, "मला वही द्या."

वही म्हणजे आबांची रानवही. खरंतर वह्या, चार होत्या, सुतळीनं एकत्र बांधलेल्या. चौथी शिकलेला माणूस, अक्षर मोठं, ओळ सोडून लिहायचे. कुठल्या तालीत कुठली लागण, कधी, किती गाड्या शेणखत, कितवा पाऊस कुठल्या नक्षत्राला, टनेज किती पडलं. सुरुवातीला ७४०, मग ६७१, मग ८६०३२, शेवटी शेवटी २६५. मधीच कुणाला किती उसने दिले, कुठली म्हैस कधी गाभण, आईला दवाखान्यात नेलं. सगळं एकाच ओळीत.

आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडं बघून हसलो. वही ने की, वहीला काय लागतंय. वही पिशवीत घातली, वर साडी ठेवली, आणि महिन्याभरानं आक्कानं दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात हक्कसोड पत्रावर सही केली, अंगठा उठवला, फोटो काढला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस पिलो. आक्कानं पैसे दिले.

तुम्ही म्हणाल, तिनं राजीखुशीनं सोडलं, तुला काय झालं? तेच तर मी दोन वर्षं स्वतःला सांगत होतो.

कायदा काय म्हणतो ते एकदा सरळ लिहितो, कारण या पेजवर ज्या बहिणी वाचतात त्या सहसा कमेंट करत नाहीत. वडील गेले की वारस म्हणून आई, मुलगे, मुली सगळ्यांची नावं लागतात. मुलीचं लग्न झालं असो नसो. वडिलांच्या स्वकष्टाच्या जमिनीत, मृत्युपत्र नसेल तर, या सगळ्यांना सारखा वाटा. वडिलार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार, आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात हेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. वारसाची वर्दी तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तीन महिन्यांच्या आत द्यायची. आणि हक्कसोड हा जमिनीचा कागद आहे, तो नोंदणी करूनच होतो. तोंडी सोडलं, साध्या कागदावर लिहून दिलं, असलं चालत नाही. एकदा नोंदवलं की मात्र परत फिरवणं फार अवघड.

एक लक्षात घ्या. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणीचं नाव लागलं म्हणजे लगेच वाटणी होत नाही, ऊस तिच्या नावावर कारखान्याला जात नाही, काही बिघडत नाही. घाई असते ती आपल्याला. दुःख ओलं आहे तोवर सही सोपी जाते, हे आपल्याला बरोबर माहीत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आधी माझ्यावर लावतोय. आपण "आठवण म्हणून घे" हे ज्या तोंडानं म्हणतो ना, त्यात एक हिशेब लपलेला असतो. ज्याला बाजारात भाव नाही ते आठवण म्हणून वाटायचं, ज्याला आहे ते मुलग्यांनी ठेवायचं. आणि ज्या आठवणीला भाव आहे, मंगळसूत्रासारख्या, ती आठवणच नाही म्हणायचं. पाच गुंठे विहिरीकडंचं रान हे पण आबांची आठवणच आहे की. तिथं आक्का आबांच्या मागं सरीत कांड्या टाकत मोठी झाली. मी तेव्हा शाळेत होतो. म्हणजे खरं बघितलं तर त्या रानात तिची पावलं माझ्याहून जास्त.

जुन्या वस्तूंचं तर आता वेगळंच झालंय. आमच्या शेडात आजोबांच्या वेळचा किर्लोस्करी नांगर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर केला १९०३ साली, तेव्हा लोखंडानं जमीन विटाळते, विषारी होते म्हणून लोक घेईनात. पुढं पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या असं सांगतात. वाडवडलांच्या तोफा! त्यांनी आठवण म्हणून दिवाणखान्यात ठेवल्या नाहीत. आणि आम्ही? धाकट्याला हायवेच्या एका हॉटेलवाल्यानं विचारलं, नांगर देता का, दारात लावतो, 'चुलीवरचं जेवण' बोर्डाच्या खाली. बैलगाडीचं चाक त्याच्याकडं आहेच. नको म्हणालो. कणेरी मठावर सिद्धगिरीच्या संग्रहालयात जुनं गाव पुतळ्यांनी उभं केलंय, पोरांना घेऊन जरूर जा, मोट कशी असते ते त्याशिवाय त्यांना कळणार नाही. पण तिथं उभं राहिलं की मला दरवेळी वाटतं, इथं वस्तू आहेत, नोंद नाही. नांगर कसा दिसतो ते कळतं, ओली जमीन नांगरली तर ढेकळं किती वर्षं फुटत नाहीत ते आबांच्या वहीतच आहे.

वहीची किंमत मला कळली जुलै २०२४ ला. पुन्हा पाणी धोक्याच्या वर. आमची खालची ताल बुडाली, २६५ ची आडसाली लागण, शेंडे काही पाण्यात काही वर. पाणी उतरल्यावर प्रश्न, काय ठेवायचं आणि काय काढायचं. पुस्तकातलं सगळ्यांना माहीत आहे. शेंडा बुडून बरेच दिवस पाणी राहिलं की पोग्यात गाळ बसतो, वाढीचा कोंब कुजतो, मग खालचे डोळे फुटून पांगशा येतात आणि साखर उतरते. शेंडा वर राहिला असेल तर पाण्याचा निचरा करून, आळवणी-फवारणी करून तो ऊस धरतो. पण माझ्या रानात, माझ्या त्या तालीत, कुठल्या सरीपर्यंत धरतो? २००५ आणि २०१९ ला आबांनी हे केलेलं, मी बघितलेलं, पण माझ्या ध्यानात नव्हतं. मी सांगेल तिथं फवारलं होतं, बघितलं नव्हतं.

आक्काला फोन केला. म्हटलं, "आक्का, वहीत पुराचं काय लिवलंय का बघ की." ती म्हणाली, "बघायला कशाला पायजे, मी वाचतो की रोज." अर्ध्या तासात व्हॉट्सअॅपवर अकरा फोटो. २००५ च्या पानावर आबांनी लिहिलंय: ओढ्याकडनं नववी सरी, तिथपर्यंत पोगा सडला, काढला. दहावीपासनं ठेवला. ठेवलेला चांगला आला. २०१९ च्या पानावर: या टायमाला चौदावी. आणि खाली, पाणी नदीकडनं नाही, ओढ्यातनं उलटं चढतंय, ताल ओढ्याकडनं उचलून घ्यायला पायजे, पोरांना सांगणे.

पोरांना सांगणे. सांगितलं असेलही. पोरं ऐकत होती का हा प्रश्न आहे.

मी जाऊन सऱ्या मोजल्या, मधला पोगा उपसून बघितला. बाराव्या सरीपर्यंत गेलेला. तेवढा काढला, बाकीचा ठेवला. मार्चमध्ये तोड झाली, दरवर्षीपेक्षा कमी पडला पण गेला. शेजारच्यानं घाबरून सगळाच काढला होता.

अकरा फोटोंतला शेवटचा फोटो मात्र आबांच्या अक्षरातला नव्हता. आबांनी शेवटची ओळ लिहिली त्याच्या खालनं आक्कानं लिहायला सुरुवात केलीय. चंदगडचा पाऊस, काजूचा मोहर कधी, नाचण्याचा तरवा कधी टाकला. बारीक अक्षर, एकही ओळ न सोडता. आम्ही दोघांनी रेडिओ आणि कोयता कपाटात ठेवला. वापरातली वस्तू एकटीनं नेली.

मी आता सत्तावन्न वर्षांचा आहे. सकाळी उठताना गुडघ्यातनं जो आवाज येतो तो आबांचा. खोकलो की आई आतनं "आलो" म्हणून उठते, मग ध्यानात येतं तिच्या. पोरगा म्हणतो, तुमी आता त्यांच्यागत बोलायला लागलाय. बोलत असेन. पण त्यांच्यासारखं लिहून ठेवायला मात्र मला या पेजशिवाय जमलं नाही, आणि पेज कधी बंद पडंल सांगता येत नाही. म्हणून जानेवारीपासनं मी दोनशे पानी वही घातलीय. पहिल्या पानावर तालीचा कच्चा नकाशा काढलाय, कुठल्या पुराला पाणी कुठल्या सरीपर्यंत आलं ते खुणा करून. शेवटच्या पानावर मी गेल्यावर काय करायचं नाही ते लिहिलंय, आणि खाली बायकोची नि पोरांची सही घेतलीय. बायको आधी चिडली, असलं अभद्र काय लिवताय म्हणाली. मग तिनंच एक ओळ वाढवली. ती इथं सांगत नाही.

आक्काच्या हिश्शाचं वकिलाला विचारून आलोय. हक्कसोड फिरवता येत नाही, पण आम्ही दोघं भावांनी बक्षीसपत्र करून तिला रान देता येतं, तुकडेबंदीत किती गुंठ्यांचा तुकडा बसतो आणि मुद्रांक किती पडतो ते बघायचंय. धाकटा अजून हो म्हणालेला नाही. त्याचं म्हणणं, मग बाकीच्या भाऊबंदांत चर्चा होईल. होऊ दे. तोवर विहिरीकडंच्या पाच गुंठ्याचं जे काय येईल ते या हंगामापासनं तिच्या खात्यावर टाकायचं मी माझ्यापुरतं ठरवलंय. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पैशाचं र्‍हाऊ दे, त्या आंब्याला यंदा मोहर आला काय ते सांग."

आला होता. पहिलाच. कलम लहान आहे म्हणून खुडून टाकला, वाढीला जोर लागावा म्हणून. तारीख वहीत लिहिलीय.

खोडव्याच्या खताची पोस्ट गुरुवारी टाकतो.